भंगार बाजारातला पार्ट : काय घ्यावा, काय घेऊ नये



आपल्या वस्त्यांमधून आता दारात चार चाकांची गाडी उभी दिसते. ती हौसेची असतेच असे नाही. कुणाची टॅक्सी असते, कुणाची शाळेच्या मुलांना ने-आण करणारी ओम्नी असते, कुणाचा मार्केटमधून भाजी आणणारा छोटा टेम्पो असतो. पतपेढीचा नाहीतर बँकेचा हप्ता डोक्यावर असतो आणि त्याच गाडीवर घरातली पाच-सहा माणसे जेवत असतात. अशी गाडी गॅरेजात उभी राहिली की घराला दोन बाजूंनी मार बसतो. एक मिस्त्रीचे बिल आणि दुसरा बुडालेला रोज.

अशा वेळी मिस्त्री म्हणतो, "भाऊ, नवा पार्ट महाग पडेल. भंगारातला टाकू का? निम्म्याहून कमीत काम होईल." घरधन्याला ते पटते. घरातली बाई मात्र विचारते, "अहो, दुसऱ्याच्या मोडलेल्या गाडीचा पार्ट आपल्या गाडीला चालेल का? त्यात शाळेची पोरं बसतात!" दोघांचेही खरे असते. म्हणून आजच्या सदरात याच प्रश्नाचा नीट हिशोब मांडू या. जुना पार्ट घेणे म्हणजे कमीपणा नव्हे. पण डोळे झाकून घेतलेला जुना पार्ट पैसाही खातो आणि कधी कधी माणूसही खातो.

हा माल येतो कुठून?

मुंबईत कुर्ला पश्चिमेला सीएसटी रोडने कलिन्याकडे जाताना दोन्ही बाजूंना जुन्या गाड्यांचे दरवाजे, बंपर, इंजिने रचलेली दुकाने लागतात. भेंडी बाजाराजवळच्या चोर बाजारातही गाड्यांचे जुने सामान मिळते. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार प्रसिद्ध आहे. लहान-मोठ्या प्रत्येक शहरात असा एखादा रस्ता असतोच.

तिथला माल मुख्यतः तीन वाटांनी येतो. पहिली वाट अपघाताच्या गाड्यांची. मागून जोरात ठोकलेली गाडी विमा कंपनी दुरुस्तीला परवडत नाही असे ठरवते आणि ती मोडीत निघते. तिचा मागचा भाग चेपलेला असला तरी पुढचे दिवे, बॉनेट, रेडिएटर, पुढचे दरवाजे चांगले असू शकतात. दुसरी वाट म्हाताऱ्या गाड्यांची. त्यांचे पत्रे, काचा, आसने कामाची असतात, पण फिरणारे, घासणारे भाग झिजलेले असतात. तिसरी वाट पुरात बुडालेल्या गाड्यांची आणि हिच्यापासून सावध राहिले पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या विजेच्या भागांत गाळ आणि गंज शिरतो. वरून पुसून चकचकीत केलेला पार्ट आत कुजलेला असतो.

चौथी वाट चोरीच्या मालाची. तिच्याविषयी पुढे सांगतो.

जुन्या पार्टवर गाडी किती वर्षे चालू शकते, हे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने दाखवून दिले आहे. प्रीमियर पद्मिनी ही गाडी मुंबईतच, कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असे. १९६४ मध्ये ती फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, १९७४ पासून पद्मिनी नावाने विकली गेली आणि २००१ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. तरीही टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. कारखाना बंद झाल्यावर वीस वर्षांहून अधिक काळ ही गाडी टॅक्सीवाल्यांच्या संसाराला हातभार लावत राहिली. हे शक्य झाले ते एका मोडलेल्या गाडीचा चांगला भाग दुसरीला लावणाऱ्या मिस्त्रींच्या हातगुणामुळे. हे ज्ञान कोणत्या शाळेत शिकवले गेले नाही. रस्त्यावरच्या गॅरेजात, काळ्या हातांच्या माणसांनी ते जपले.

आधी पार्ट खरोखर गेला आहे का ते पाहा

पैसे वाचवण्याची पहिली जागा भंगार बाजार नव्हे. पहिली जागा म्हणजे दोष नेमका कशात आहे हे ओळखणे. अनेकदा चांगला पार्ट काढून फेकला जातो आणि खरा दोष तसाच राहतो.

गाडी सेल्फ घेत नाही, नुसती टकटक करते. लगेच सेल्फ मोटार बदलायची का? आधी बॅटरीचे टर्मिनल पाहा. त्यावर पांढरा-हिरवा थर आला असेल तर गरम पाणी आणि खाण्याचा सोडा लावून साफ करा, मग घट्ट बसवा. बॅटरीची वायर ढिली असली तरी हेच होते.

बॅटरी वारंवार उतरते. अल्टरनेटर गेला असे समजण्याआधी त्याचा बेल्ट ढिला आहे का ते पाहा. मग मीटर लावा. हा मीटर काही शे रुपयांत मिळतो आणि गाडीवाल्या घरात तो असावाच. इंजिन बंद असताना भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन सुरू केल्यावर आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान गेला तर अल्टरनेटर चार्जिंग करतो आहे. आकडा वर सरकलाच नाही, तरच त्याच्याकडे संशयाने पाहावे.

इंजिन तापते. रेडिएटर बदलण्याआधी त्याचे झाकण, थर्मोस्टॅट, पाण्याचे पाइप आणि पंखा पाहावा. झाकणाची रबरी चकती गेली तरी पाणी उकळून बाहेर येते.

आणि पार्ट खरोखर गेला असेल, तरी लगेच दुसरा घेऊ नका. सेल्फ आणि अल्टरनेटर हे दोन्ही खोलून दुरुस्त होतात. त्यांचे कार्बन ब्रश झिजतात, बेअरिंग जाते, रेग्युलेटर जळतो. गाड्यांची वीजदुरुस्ती करणारा चांगला कारागीर हे सुटे भाग बदलून तोच पार्ट उभा करतो. आपला पार्ट आपल्याला ठाऊक असतो. त्याने किती वर्षे काम केले, तो कधी पाण्यात गेला का, हे आपण सांगू शकतो. बाजारातल्या पार्टचा इतिहास फक्त विकणाऱ्याला ठाऊक असतो आणि कधी कधी त्यालाही नसतो.

बिनधास्त घेता येतील असे भाग

नियम सोपा आहे. जो भाग झिजत नाही आणि ज्याच्या बिघाडाने जीव जात नाही, तो जुना घ्यायला हरकत नाही.

दरवाजे, बॉनेट, डिकीचे झाकण, पुढचा मडगार्ड, बंपर, बाजूचे आरसे, दरवाजाच्या काचा, काच वरखाली करणारे यंत्र, हँडल, कुलूप, आसने, डॅशबोर्डचे तुकडे, दिव्यांचे संच हे सगळे या यादीत येतात. आपल्याच रंगाचा दरवाजा मिळाला तर रंगाचा खर्चही वाचतो. दिव्याच्या आतली चकाकी उडालेली नाही ना, हे उजेडात धरून पाहावे. लोखंडी रिम घेताना ती सपाट फरशीवर ठेवून वाकलेली नाही, वेल्डिंग केलेली नाही याची खात्री करावी.

तपासून घ्यावेत असे भाग म्हणजे सेल्फ मोटार, अल्टरनेटर, वायपरची मोटार, पंख्याची मोटार, रेडिएटर आणि गिअरबॉक्स. यातले विजेचे भाग दुकानातच बॅटरीला जोडून चालवून पाहावेत. दुकानदार तसे करू देत नसेल तर पुढच्या दुकानात जावे.

गाड्यांच्या सारखेपणाचाही फायदा घेता येतो. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, ओम्नीचे २०१९ मध्ये. पण या दोन्ही गाड्यांत ७९६ सीसीचे एकाच घराण्यातले इंजिन होते. त्यामुळे काही भाग एकमेकींना चालतात. मात्र कार्बोरेटरची गाडी वेगळी आणि एमपीएफआयची वेगळी. म्हणून अंदाजाने खरेदी करू नये. आपला जुना पार्ट पिशवीत घालून दुकानात न्यावा, त्याच्यावर कोरलेला नंबर नव्या घेतलेल्या पार्टच्या नंबराशी जुळवावा, स्क्रूची छिद्रे आणि वायरचे सॉकेट ताडून पाहावे. हे काम न शिकलेल्यालाही जमते, फक्त घाई नसावी.

कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत असे भाग

इथे मात्र हात आखडता घेऊ नका, बंधूंनो.

ब्रेकचे लायनर, ब्रेक पॅड, ब्रेकचे रबरी पाइप, मास्टर सिलिंडर आणि चाकातले सिलिंडर जुने घेऊ नयेत. त्यांच्या आतले रबर वयाने कडक होते. हातात धरल्यावर ते चांगले दिसते, आणि उतारावर पूर्ण भरलेल्या गाडीचा ब्रेक दाबल्यावर फाटते.

स्टिअरिंगचे टाय रॉड आणि बॉल जॉइंट जुने घेऊ नयेत. ते सुटले की चाक आपल्या ताब्यात राहत नाही.

सीट बेल्ट जुना घेऊ नये. अपघाताच्या क्षणी बेल्टचा पट्टा माणसाला धरण्यासाठी एकदा ताणला जातो. ताणलेला पट्टा दुसऱ्या अपघातात तसे काम करीलच असे नाही, आणि डोळ्यांनी ते कळत नाही. एअरबॅगच्या बाबतीत तर विचारच करू नये. तिच्यात स्फोटक भरलेले असते. ती चुकीच्या वेळी फुटली तरी धोका आणि योग्य वेळी फुटली नाही तरी धोका.

टायमिंग बेल्ट, ऑइल सील, गॅस्केट, फिल्टर, क्लच प्लेट, चाकाची बेअरिंग यांची नवी किंमत जुन्यापेक्षा फार जास्त नसते, पण ती बसवायची मजुरी मोठी असते. टायमिंग बेल्ट तुटला तर गाडी भररस्त्यात बंद पडते, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह वाकून इंजिनच खोलावे लागते. दोन-तीनशे रुपये वाचवण्यासाठी असा धोका कोण घेईल?

जुने टायर घ्यावेच लागले तर दोन गोष्टी पाहाव्यात. टायरच्या बाजूला कोरलेल्या नंबराचे शेवटचे चार आकडे त्याच्या जन्माची तारीख सांगतात. ३२१८ असे लिहिले असेल तर तो २०१८ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनला. दुसरे म्हणजे नक्षीची खोली. मोटारगाडीसाठी ती कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी, दुचाकी आणि तीनचाकीसाठी ०.८ मिलिमीटर. नक्षी भरपूर असूनही बाजूला बारीक भेगा पडल्या असतील तर टायर म्हातारा झाला असे समजावे.

शेवटी सीएनजीचे सिलिंडर. गाडीतल्या सीएनजी सिलिंडरची दर ३ वर्षांनी दाबाची तपासणी करावी लागते. भंगारातून आलेल्या सिलिंडरच्या कागदांचा पत्ता नसतो. मुलांच्या आसनामागे असा सिलिंडर बसवणे म्हणजे घरात बाँब ठेवण्यासारखे आहे.

स्वस्त म्हणजे नेहमीच स्वस्त नव्हे

आता हिशोबाकडे येऊ. पुढचे आकडे समजण्यासाठी धरले आहेत. भाव गावाप्रमाणे आणि गाडीप्रमाणे बदलतात, तेव्हा आपापले आकडे घालून हाच हिशोब वहीत करावा.

समजा नवा अल्टरनेटर ७,००० रुपयांना मिळतो आणि भंगारातला २,५०० रुपयांना. बसवायची मजुरी दोन्हीला ४००. म्हणजे नव्याचा खर्च ७,४०० आणि जुन्याचा २,९००. गाडी एक दिवस उभी राहिली तर ८०० रुपयांचा रोज बुडतो असे धरू. नवा पार्ट ५ वर्षे चालतो आणि जुना दीड वर्ष, असेही धरू.

तुमची गाडी अजून ५ वर्षे चालवायची असेल तर जुना पार्ट चार वेळा घ्यावा लागेल. चार वेळचे २,९०० म्हणजे ११,६००. मधल्या तीन बदलांत तीन दिवस गाडी उभी, म्हणजे २,४००. एकूण १४,०००. नवा घेतला असता तर ७,४०० मध्ये भागले असते. जवळजवळ निम्मे!

पण गाडी दोनच वर्षांत बाद व्हायची असेल तर? तेव्हा जुना पार्ट दोनदा घ्यावा लागेल. दोन वेळचे ५,८०० आणि एका दिवसाचे ८०० मिळून ६,६००. नव्यापेक्षा ८०० रुपये कमी. आणि आपलाच जुना अल्टरनेटर १,५०० रुपयांत दुरुस्त झाला व दोन वर्षे चालला, तर मजुरी धरून १,९०० मध्येच काम झाले.

यातून काय शिकायचे? जुना पार्ट घ्यायचा की नाही, हे पार्टच्या किमतीवर ठरत नाही. ते आपल्या गाडीच्या उरलेल्या आयुष्यावर ठरते. थोडेच दिवस उरलेल्या गाडीवर नवे सामान चढवणे जसे शहाणपणाचे नाही, तसेच नव्या गाडीला भंगार लावणेही नाही. दरवाजासारख्या न झिजणाऱ्या भागाला मात्र हा हिशोब लागत नाही. तो जुना नेहमीच स्वस्त पडतो.

घरातल्या बाईने हा हिशोब जरूर पाहावा. गाडीच्या खर्चाची वेगळी वही ठेवावी. तारीख, पार्टचे नाव, किंमत, मजुरी आणि गाडी किती दिवस उभी राहिली, एवढेच लिहावे. सहा महिन्यांनी वही उघडली की पैसा कुठे गळतो आहे ते समजते. मिस्त्री एकच पार्ट दोनदा बदलतो आहे का, तेही समजते.

बिल घ्या, कारण संशय आधी गरिबावर येतो

आता चोरीच्या मालाविषयी. उत्तर प्रदेशात मेरठला सोतीगंज नावाचा मोठा बाजार होता. चोरीच्या गाड्या कापून त्यांचे भाग विकण्यासाठी तो देशभर बदनाम झाला आणि २०२१ च्या अखेरीस पोलिसांनी तिथली दुकाने बंद पाडली. असा माल कोणत्याही शहरात फिरू शकतो.

चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला सबळ कारण असून तो घेणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तुम्ही निर्दोष असाल. पण चौकीत उभे राहिल्यावर ते सिद्ध करायला कागद लागतो. मोठ्या गाडीवाल्याला साहेब खुर्ची देतात, टॅक्सीवाल्याला कोपऱ्यात उभे करतात. हे आपल्याला सांगायला नको. म्हणून आपल्या माणसाने इतरांपेक्षा दुप्पट काळजी घेतली पाहिजे.

दुकानदाराला आदबीने पण ठामपणे विचारावे, "शेठ, हा पार्ट कुठल्या गाडीचा? बिल देता ना?" बिलावर दुकानाचे नाव-पत्ता, जीएसटी क्रमांक असल्यास तो, पार्टचे नाव, त्यावरचा नंबर, किंमत, तारीख आणि शक्य असेल तर ज्या गाडीतून काढला तिचा क्रमांक असावा. किती दिवसांची हमी आहे तेही लिहून घ्यावे. "अरे भाऊ, बिल काय करणार? विश्वास ठेव," असे म्हणणाऱ्याकडून सामान घेऊ नये. पार्टवरचा नंबर घासून काढलेला असेल तर फुकट मिळाला तरी हात लावू नये.

इंजिन बदलायचे असेल तर आणखी जपावे. इंजिनाचा क्रमांक आरसी बुकात लिहिलेला असतो. दुसरे इंजिन बसवले तर आरटीओकडे रीतसर अर्ज करून त्याची नोंद करावी लागते, आणि त्यासाठी इंजिनाच्या मूळ गाडीचे कागद लागतात. नोंद न करता चालवलेली गाडी फिटनेसच्या वेळी अडकते. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो.

आणि फसवणूक झाली तर गप्प बसू नये. "आम्ही धंद्यासाठी पार्ट घेतला, मग आम्ही ग्राहक कसे?" असे काहींना वाटते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ स्पष्ट सांगतो की जो माणूस स्वयंरोजगार करून स्वतःच्या पोटापाण्यासाठीच वस्तू वापरतो, तो ग्राहकच आहे. स्वतः टॅक्सी चालवणारा त्यात बसतो. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असे नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर फोन करावा. पण या सगळ्याचा पाया एकच आहे, तो म्हणजे हातातले बिल.

घरात आणि गॅरेजात लेकरे आहेत

काही जण पैसे वाचवण्यासाठी बॅटरी घरीच फोडतात, आतले शिसे काढून विकतात. हे अजिबात करू नये. शिशाची धूळ हाताला, कपड्यांना, अंगणातल्या मातीला लागते आणि रांगणाऱ्या मुलाच्या पोटात जाते. तिने मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ते नुकसान भरून निघत नाही. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानात परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत जमा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि बहुतेक दुकानदार जुन्या बॅटरीचे पैसेही वजा करून देतात.

आपली अनेक मुले गॅरेजात आणि भंगाराच्या दुकानात काम शिकतात. त्यांना सांगा, ब्रेकचा ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, आणि ते फुप्फुसात जाऊन बसले की वीस-तीस वर्षांनी आजार काढते. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क बांधा. वापरलेले ऑइल गटारात ओतू नका, डब्यात साठवून दुकानात द्या. हुनर शिकण्यासाठी आयुष्य गहाण टाकू नये.

आपली गाडी मोडीत काढताना

एक दिवस आपलीही गाडी भंगारात जाते. तेव्हा ती नुसती कबाड्याच्या हवाली करून चार पैसे घेऊन घरी येऊ नये. तुमच्या नावाची आरसी जिवंत राहिली आणि तिच्या नंबराचा कुणी गैरवापर केला, तर पोलीस तुमचा पत्ता शोधत येतील. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते.

सप्टेंबर २०२१ मध्ये गाड्या मोडीत काढण्याच्या नोंदणीकृत केंद्रांचे नियम आले. अशा केंद्राला गाडी दिली की ठेवीचे प्रमाणपत्र मिळते. ते दाखवून नवी गाडी घेताना वाहन करात सूट मिळण्याची तरतूद आहे, खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि प्रवासी-माल वाहतुकीच्या गाडीला १५ टक्क्यांपर्यंत. ही सूट किती द्यायची हे राज्य सरकार ठरवते, म्हणून आपल्या आरटीओत आधी विचारावे. कबाड्याचा भाव आणि केंद्राचा भाव अधिक करातली सूट, यांची बेरीज करून मगच ठरवावे.

गाडी स्वतःच मोडणाऱ्या काही टॅक्सीवाल्यांनी एक चांगली पद्धत पाडली आहे. एकाच स्टँडवरचे चार-पाच जण मिळून चांगले दरवाजे, रिम, दिवे काढून ठेवतात आणि गरज पडेल तसे एकमेकांना देतात. कुणाच्या माळ्यावर सेल्फ असतो, कुणाकडे रेडिएटर. दुकानदाराचा नफा वाचतो, पार्टचा इतिहास सगळ्यांना ठाऊक असतो, आणि रात्री बंद पडलेली गाडी सकाळी पुन्हा रस्त्यावर येते. फक्त कोणता भाग कोणत्या गाडीचा, हे वहीत लिहून ठेवावे. आपल्या वस्तीत पाच गाड्या असतील तर अशी वही आजपासून सुरू करायला काय हरकत आहे?

तेव्हा बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी मिस्त्री भंगारातल्या पार्टचे नाव काढील तेव्हा तीन प्रश्न विचारा. हा भाग झिजणारा आहे का? तो निकामी झाला तर कुणाचा जीव जाईल का? आणि याचे बिल मिळेल का? पहिल्या दोन प्रश्नांना नाही आणि तिसऱ्याला होय असे उत्तर आले, तर खुशाल घ्या. वाचलेले पैसे पोरांच्या वह्या-पुस्तकांना लावा.